घोंगडं, फौजी कांबळं आणि आजीच्या हातचा स्वेटर : लोकर धुताना काय करावं, काय टाळावं

खडेबाजार (बेळगाव) : दिवाळी सरली की बेळगावच्या बाजारपेठेत स्वेटर, मफलर, कानटोप्या आणि लोकरीचे गुंडे दुकानाबाहेर टांगलेले दिसू लागतात. घराघरात ट्रंका, पेट्या उघडल्या जातात. वर्षभर दडपून ठेवलेले गरम कपडे बाहेर येतात आणि त्याच वेळी अनेकांच्या लक्षात येतं की कुठल्या स्वेटरला कसर लागलीय, कुठल्या शालीला कुबट वास येतोय, तर मागच्या वर्षी मशीनमध्ये टाकलेला स्वेटर आता धाकट्या पोराच्याही अंगात जात नाही.

विकतचा स्वेटर गेला तर दुसरा आणता येतो. पण आईने किंवा आजीने टाका-टाका मोजून विणलेला स्वेटर, वडिलांचं फौजेतलं कांबळं किंवा सनगराच्या मागावरचं घोंगडं एकदा बिघडलं की पुन्हा मिळत नाही. बहुतेक वेळा नुकसान वापराने होत नाही, ते धुताना आणि ठेवताना होतं. ते टाळण्यासाठी खर्च लागत नाही, थोडी माहिती लागते.

सीमाभागातली लोकर : कुठून काय येतं?

बेळगाव, निपाणी, चिकोडी, कागल, गडहिंग्लज या पट्ट्यातल्या घरांत लोकरीच्या वस्तू साधारण चार प्रकारच्या सापडतात.

पहिली घोंगडी. दख्खनी मेंढीच्या काळ्या लोकरीची, बहुधा न रंगवलेली, खड्ड्यातल्या मागावर विणलेली. महाराष्ट्रात धनगर मेंढ्या राखतात, कर्नाटकात कुरुबर. इकडे 'घोंगडं' म्हणतात, पलीकडच्या गावात त्यालाच 'कंबळी' म्हणतात. लोकरीला कन्नडमध्ये 'उण्णे' हा शब्द आहे, त्यामुळे बाजारात दोन्ही नावं कानावर पडतात. विणण्याआधी ताण्याच्या सुताला चिंचोक्याची खळ देतात. नवं घोंगडं कडक लागतं ते या खळीमुळे.

दुसरी हाताने विणलेली वस्त्रं : स्वेटर, मफलर, बाळाची टोपडी, मोजे, क्रोशाच्या शाली. ही खऱ्या लोकरीची असतीलच असं नाही. दुकानात 'लोकर' म्हणून मिळणारे बरेचसे गुंडे अ‍ॅक्रिलिकचे असतात.

तिसरी तयार स्वेटर आणि जॅकेट. यातला मोठा माल लुधियानाच्या होजिअरी कारखान्यांतून येतो. थंडीत अनेक शहरांत तिबेटी विक्रेते स्वेटरचे स्टॉल लावतात. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या मुंडगोडला तर १९६६ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहतच आहे.

चौथी फौजेतली. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात असल्याने आणि घरटी एखादा जवान असलेली गावं या भागात असल्याने फौजी जर्सी आणि जाड कांबळं अनेक घरांत आहे.

या चौघांना एकच धुण्याची पद्धत लावली की गडबड होते.

आधी ओळखा : खरी लोकर की अ‍ॅक्रिलिक?

कपड्याच्या आतल्या शिवणीवर लेबल असेल तर ते वाचा. बादलीच्या चित्रात हात दाखवला असेल तर हाताने धुवायचं. बादलीवर फुली असेल तर पाण्यात घालायचंच नाही. त्रिकोणावर फुली म्हणजे ब्लीच नको. चौकोनातल्या वर्तुळावर फुली म्हणजे ड्रायरमध्ये वाळवायचं नाही. तीन वेटोळ्यांचं वूलमार्क चिन्ह १९६४ पासून वापरात आहे. शुद्ध लोकरीसाठी ते देतात.

घरी विणलेल्या कपड्याला लेबल नसतं. अशा वेळी उरलेल्या गुंड्यातला किंवा आतल्या शिवणीतला बोटभर धागा काढा. स्टीलच्या ताटलीवर, चिमट्यात धरून, मोकळ्या जागेत तो पेटवून बघा. खरी लोकर केस जळल्यासारखा वास देते, ज्योत काढली की बहुधा विझते आणि राख बोटांनी चुरगळते. अ‍ॅक्रिलिक भराभर जळतं, वितळतं आणि मागे काळी कडक गाठ उरते. मिश्र धाग्यात दोन्ही लक्षणं दिसतात. तसं असेल तर लोकर समजूनच वागा.

अ‍ॅक्रिलिक सहसा आटत नाही, पण उष्णतेने कायमचं ढिलं पडतं. गरम इस्त्री किंवा वाफ लागली की विणीतला उठाव जातो आणि कपडा लोंबकळतो. म्हणून अ‍ॅक्रिलिकलाही गरम पाणी आणि कडक इस्त्री नकोच.

लोकर आटते का?

लोकर म्हणजे केसच. आपल्या केसासारखं तिच्यातही केराटिन हे प्रथिन असतं. प्रत्येक तंतूवर घराच्या कौलांसारखे एकावर एक बारीक खवले असतात. तंतू ओला आणि गरम झाला, त्यावर घासणं-आपटणं झालं की तंतू एकाच दिशेने सरकतात आणि खवले एकमेकांत अडकतात. मग ते मागे येत नाहीत. कपडा आखूड, जाड आणि नमद्यासारखा होतो.

गंमत अशी की हाच गुण घोंगड्याच्या कामी येतो. वापरता वापरता त्याची वीण दाटते, म्हणून पावसात ते अंगावर घेतलं तरी पाणी लगेच आत शिरत नाही. घोंगड्याला जे तारतं तेच स्वेटरला मारतं.

लोकर प्रथिनाची असल्याने आणखी तीन गोष्टी तिला सोसत नाहीत. धुण्याचा सोडा तंतू कमकुवत करतो. क्लोरीनचं ब्लीच तंतू पिवळे पाडतं आणि विरघळवूही शकतं. आणि 'डाग खाणाऱ्या' एन्झाइमच्या पावडरीत प्रथिनं तोडणारी द्रव्यं असतात. ती रक्ताचा, दुधाचा डाग काढतात, तशीच हळूहळू लोकरही खातात.

स्वेटर, शाल, मफलर : धुण्याची रीत

प्रत्येक वेळी धुवायची गरज नाही. लोकर घाम आणि वास लवकर धरत नाही. घालून झाल्यावर रात्रभर मोकळ्या हवेत पसरून ठेवली तरी बऱ्याचदा पुरतं. डाग पडला किंवा वास येऊ लागला तरच धुवा. मात्र हंगाम संपल्यावर, आत ठेवण्याआधी एकदा धुणं आवश्यक आहे.

१. माप घ्या. जुन्या वर्तमानपत्रावर स्वेटर सपाट पसरून पेनाने त्याची कड आखा. वाळवताना हा कागद उपयोगी पडतो.

२. भोक किंवा सुटलेला टाका आधी शिवा. पाण्यात ते मोठं होतं.

३. पाणी कोमट घ्या, ३० अंशांच्या आसपास. हाताला ना गरम ना गार लागेल इतकं. धुण्याचं आणि खळबळण्याचं पाणी एकाच तापमानाचं असू द्या. गिझरच्या पाण्यातून काढून थेट गार नळाखाली धरणं ही नेहमीची चूक आहे.

४. लोकरीसाठीचं सौम्य द्रव डिटर्जंट, उदाहरणार्थ इझी, बाटलीवर लिहिलेल्या मापानेच घ्या. जास्त घातलं तर कपडा जास्त स्वच्छ होत नाही, फेस मात्र निघता निघत नाही. डिटर्जंट पाण्यात आधी विरघळवा, कपडा मागून घाला.

५. रिठाही चालतो. दहा-बारा रिठे बिया काढून रात्रभर भिजवा, सकाळी कुस्करून गाळून घ्या. पांढऱ्या किंवा फिक्या लोकरीवर त्याची पिवळट झाक येऊ शकते, म्हणून तो गडद रंगासाठी वापरा.

६. कपडा उलटा करून दहा-पंधरा मिनिटं भिजवा. तळहाताने दाबा, सोडा, दाबा, सोडा. घासायचं नाही, ब्रश लावायचा नाही, दगडावर आपटायचं तर अजिबात नाही.

७. दोन-तीन पाण्यांतून काढा. बोअरचं पाणी जड असेल तर साबणाचा चिकट थर लोकरीवर बसतो. शेवटच्या पाण्यात बादलीला दोन चमचे पांढरं व्हिनेगर घातलं की तो थर सुटायला मदत होते.

८. पिळू नका. ओली लोकर ताकदीला कमी असते आणि ताणली की तशीच राहते. बादलीतून काढताना दोन्ही हातांनी खालून आधार देऊन उचला. कोरड्या टॉवेलवर पसरा, टॉवेलसकट गुंडाळी करा आणि ती दाबा. पाणी टॉवेल पिऊन घेतो.

९. दोरीवर टांगू नका. पाण्याच्या वजनाने बाह्या गुडघ्यापर्यंत येतात. बाजेवर किंवा गच्चीत सावलीला जुनी साडी अंथरून सपाट पसरा, आखलेल्या कागदाच्या मापाला हलक्या हाताने ओढून बसवा. कडक उन्हात रंग उडतो आणि पांढरी लोकर पिवळी पडते.

मशीनमध्ये 'वूल' नावाचं चक्र असतं. लेबलवर परवानगी असलेल्या तयार कपड्यांसाठी ते ठीक आहे. हाताने विणलेल्या कपड्यासाठी मात्र ती जोखीम घेऊ नये.

गडद लाल, निळा, काळा रंग पहिल्यांदा धुताना वेगळा धुवा. आधी पांढऱ्या ओल्या फडक्याने आतल्या बाजूला दाबून बघा. फडक्याला रंग लागला तर तो पाण्यातही जाणार.

घोंगडं : धुण्यापेक्षा झटकणं बरं

जुनी माणसं घोंगडं सहसा धूत नसत, आणि त्यात शहाणपण होतं. खळ असेपर्यंत घोंगडं ताठ राहतं. पाण्यात घातलं की खळ निघते. घोंगडं मऊ पडतं, पण थोडं आटतंही. अंगावर घ्यायला मऊ हवं असेल तर ते चालतं. आकार टिकवायचा असेल तर पाणी टाळावं.

नेहमीची काळजी सोपी आहे. दोघांनी चार टोकं धरून झटकायचं. सकाळच्या उन्हात तास-दोन तास पसरायचं, मग उलटायचं. धूळ बसली असेल तर मऊ कुंच्याने विणीच्या दिशेने झाडायची. काठीने बडवलं तर सूत तुटतं.

धुवायचंच असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये, कोरडी हवा बघून धुवा. मोठ्या टबात गार किंवा कोमट पाणी, थोडं सौम्य डिटर्जंट. पायाने हलकं दाबा, तुडवू नका. ओलं घोंगडं भलतंच जड होतं, एकट्याने उचलायला जाऊ नका. उतरत्या ओट्यावर घडी घालून पाणी निथळू द्या. मग दोन दोऱ्या हातभर अंतराने समांतर बांधून त्यावर आडवं पसरा, म्हणजे वजन वाटलं जातं. एका दोरीवर मधोमध टाकलं तर तिथे कायमची घडी आणि ताण पडतो.

चिंचोक्याची खळ म्हणजे शेवटी पिठूळ पदार्थ. तिला उंदीर आणि झिंगूर लागतात. म्हणून नवं, न धुतलेलं घोंगडं धान्याच्या पोत्यांजवळ ठेवू नये.

भंडाऱ्याचा डाग हा या भागातला खास प्रश्न. पट्टणकोडोलीची विठ्ठल-बिरदेव यात्रा असो की निपाणीजवळच्या आप्पाचीवाडीची हालसिद्धनाथ यात्रा, घोंगडं पिवळंधमक होऊन घरी येतं. बरेच जण लगेच साबण लावतात आणि डाग लाल झालेला बघून घाबरतात. हळदीचा रंग साबणाच्या क्षाराने लाल होतो. भंडारा कोरडा असतानाच झटकून घ्या, ओला करू नका. उरलेल्या डागाला ऊन दाखवा. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, काही दिवसांत तो फिका पडतो. अनेक घरांत देवाचा भंडारा म्हणून तो डाग मुद्दाम ठेवतात, तो भाग श्रद्धेचा.

बाळाचे लोकरीचे कपडे : इथे चूक परवडत नाही

बारशाला आलेले स्वेटर-टोपडी-मोज्यांचे सेट, किंवा मोठ्या भावंडाचे जपून ठेवलेले लोकरीचे कपडे, थेट पेटीतून काढून बाळाला घालण्याची सवय घराघरात आहे. कपड्यांत डांबरगोळ्या ठेवल्या असतील तर ही सवय धोक्याची आहे.

डांबरगोळीतलं नॅप्थलीन वाफेच्या रूपाने कपड्यात मुरतं. जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांमध्ये त्यामुळे तांबड्या रक्तपेशी फुटतात, रक्त कमी होतं आणि तीव्र कावीळ होऊ शकते. बाळाला ही कमतरता आहे की नाही हे तपासणीशिवाय कळत नाही. बाळाच्या अंगाला तेल लावलेलं असेल तर नॅप्थलीन त्वचेतून अधिक शोषलं जातं, आणि आपल्याकडे तेल-मालीश तर रोजची. त्यामुळे नियम साधा ठेवा : बाळाच्या कपड्यांत, दुपट्यांत, गोधडीत डांबरगोळी नाहीच. आधी ठेवलेली असेल तर कपडे धुवा, वास पूर्ण जाईपर्यंत अनेक दिवस हवेशीर ठेवा. वास येत असेल तर घालू नका. असे कपडे घातल्यावर बाळ पिवळं किंवा फिकं दिसलं, मलूल झालं किंवा लघवी गडद झाली तर वाट न बघता डॉक्टरांकडे न्या आणि डांबरगोळीचा उल्लेख आवर्जून करा. गोळी मुलाने तोंडात घातली तरीही तसंच.

आणखी काही गोष्टी. मोजे आणि हातमोज्यांच्या आत सुटे धागे राहिले तर ते बाळाच्या बोटाला गुंडाळून रक्तपुरवठा बंद करू शकतात. प्रत्येक वेळी उलटे करून बघा. सैल बटणं, मणी, गोंडे काढून टाका किंवा पक्के शिवा. लोकर टोचत असेल तर आत सुती झबलं घाला. बाळ घरात झोपलेलं असताना जाड टोपी आणि थरावर थर नकोत, त्याचं अंग जास्त तापतं.

खोबरेल तेलाचा डाग पडला तर लगेच पाणी लावू नका. त्यावर कॉर्नफ्लोअर भुरभुरा, तासाभराने झटका, मग नेहमीसारखं धुवा. दुधाचा डाग गार पाण्याने काढा. गरम पाण्याने तो पक्का बसतो.

कसर, बुरशी आणि पावसाळा

कपड्यांभोवती उडणारं भुरकट पाखरू लोकर खात नाही. त्याच्या अंड्यातून निघणारी अळी खाते. तिला घामाचे, जेवणाचे, तेलाचे डाग असलेली लोकर अधिक आवडते. न धुता ठेवलेल्या स्वेटरला कॉलर आणि काखेजवळ आधी भोकं पडतात ती यामुळेच. म्हणून 'एकदाच तर घातलाय' म्हणत आत ठेवू नका.

बेळगावात जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस आणि दमट हवा असते. या दिवसांत लोकर धुवू नये, ती वाळत नाही आणि कुबट होते. उन्हाळ्यातच धुऊन, पूर्ण वाळवून, गार झाल्यावर ठेवावी. उन्हातून आणून गरमगरम घडी पेटीत घातली तर आत ओल धरते.

ठेवताना हँगर नको, घडी घाला. दर घडीत जुनी धुतलेली सुती साडी किंवा धोतराचा कपडा ठेवा. प्लास्टिकच्या बंद पिशवीत ओलावा अडकतो, सुती पिशवी बरी. तयार प्लास्टिक डबा वापरायचा तर कपडे खडखडीत वाळलेले हवेत. ड्रायक्लीनिंगहून आलेल्या कपड्याचं प्लास्टिक आवरण काढा आणि एक दिवस हवेत ठेवूनच तो आत घाला.

वेखंड, कडुनिंबाचा वाळलेला पाला यांच्या वासाने पाखरू थोडं दूर राहतं. पण आधीच घातलेली अंडी किंवा अळ्या त्याने मरत नाहीत, आणि वास गेला की परिणामही जातो. मोठ्यांच्या कपड्यांसाठी डांबरगोळ्या वापरायच्याच असतील तर कपड्यात बांधून, बंद पेटीत, मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा. बाजारात नॅप्थलीनच्या आणि पॅराडायक्लोरोबेंझिनच्या अशा दोन प्रकारच्या गोळ्या मिळतात. त्या एकत्र ठेवल्या तर वितळून कपड्यावर डाग पडतात.

कसर लागलेली दिसली तर तो कपडा लगेच बाकीच्यांपासून वेगळा करा. घड्या, शिवणी, कॉलर नीट झाडा आणि उन्हात उलटसुलट पसरा. घरात डीप फ्रीजर असेल तर पिशवीत घट्ट बांधून उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, कपडा खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर त्याला दव धरतं. पेटीचे कोपरेही पुसून घ्या, अळ्या तिथेच दडतात.

बिघडलं तर?

थोडासा आटलेला स्वेटर कोमट पाण्यात केसांचं कंडिशनर मिसळून अर्धा तास भिजवा आणि ओला असताना हळूहळू चारी बाजूंनी ओढून सपाट वाळवा. थोडंफार माप परत मिळतं. पूर्ण नमदा झालेला स्वेटर मात्र सुटत नाही. तो कापला तरी उसवत नाही, म्हणून त्याचे आसन, भांडी धरायचे हातरुमाल किंवा पाण्याच्या बाटलीचं आवरण करता येतं.

अंगावर आलेले बोंदरे ओढू नका. लहान कात्रीने किंवा त्यासाठीच्या बारीक यंत्राने वरच्यावर कापा. टाका ओढून बाहेर आला तर कापू नका, क्रोशाच्या सुईने आतल्या बाजूला ओढून घ्या. इस्त्री करायची तर वरून ओलसर सुती कापड ठेवून, कमी तापमानावर, दाबून उचलत करा, सरकवू नका.

जपण्याचं कारण

दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि टोचरी असते, तिला भाव मिळत नाही. मेंढपाळांचा कल मांसासाठी वजनदार, पण लोकर कमी देणाऱ्या माडग्याळसारख्या मेंढ्यांकडे वळला आहे. लोकर कातरणारे, सूत कातणाऱ्या बायका, मागावर बसणारे सनगर, या साखळीतली माणसं कमी होत चालली आहेत. घरात हातमागाचं घोंगडं असेल तर त्याच्या जागी तसंच दुसरं मिळणं दरवर्षी अवघड होत जाणार आहे. विणकामाच्या सुया हातात धरणारी पिढीही मागे सरते आहे.

त्यामुळे यंदा पेटी उघडताना तीन गोष्टी पुरेशा आहेत. बाळाच्या कपड्यातल्या डांबरगोळ्या आजच काढा. थंडी संपली की प्रत्येक गरम कपडा धुऊन, वाळवूनच आत ठेवा. आणि आजी घरात असेल तर स्वेटर कुठल्या लोकरीचा आहे ते तिला विचारून चिठ्ठीवर लिहा, ती चिठ्ठी घडीतच ठेवा. पुढे धुणाऱ्याला ते लेबलच होईल.